उलट चालणारा बिबट्या

मोबाईलच्या गेमसाठी मी बनवलेला बिबट्या उलट चालायचा. तोंड ओतूरकडे आणि चाल जुन्नरकडे, असा प्रकार. हे मी मुद्दाम केलेलं नव्हतं, आणि त्यावर कोणी हसेल असं तर माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो बघून माणसाने सावध व्हावं एवढाच हेतू होता. पण हेतू चांगला असला म्हणून हात चांगला चालतोच असं नाही.

ओतूरला स्टँडच्या मागे माझा कॉम्प्युटर क्लास आहे. पोरांना टायपिंग शिकवतो, दुकानाची बिलं कशी करायची ते शिकवतो, भरतीचे अर्ज भरून देतो. राहायला मात्र आम्ही मळ्यात. घर चांगलं आहे, पाणी आहे, फक्त तिन्ही बाजूंनी ऊस. त्या वर्षी पावसाळा सरता सरता बिबट्याने आमचं कुत्रं पडवीतून उचललं. नुकते दिवे लागले होते. मुलगी उंबऱ्यात बसून त्याला बिस्किट चारत होती. मी आतून धावत आलो तेव्हा तिच्या हातात अर्धं बिस्किट होतं आणि समोर कुत्रं नव्हतं. ती ओरडली नाही, रडली नाही. मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून तिने घराबाहेर पाय टाकला नाही. तिसरीत होती ती तेव्हा. शाळा रस्त्याने सरळ खाली, मळ्यातली सगळी पोरं मिळून चालत जातात. तिला मी गाडीवर नेतो म्हटलं, तर तिने खिडकीचे गज असे धरले की बोटं सोडवताना माझाच जीव कासावीस झाला. मास्तर घरी येऊन गेले. वनखात्याने बांधावर पिंजरा लावला, त्यात कोंबडी ठेवली. कोंबडी गलेलठ्ठ झाली, बिबट्या काही आला नाही. मुलगी खिडकीतून त्या कोंबडीकडे बघत बसायची.

बायकोने एक दिवस भाकरी थापता थापता निकाल दिला. "दिवाळीपर्यंत बघू. सुट्टी संपल्यावर शाळेत गेली तर ठीक, न्हाई तर भोसरीला माझ्या भावाकडं जाऊ. तिथं बिबट्या नाय."

"तिथं ट्रक आहेत," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. माझा क्लास इथं, शेत इथं, आणि एका मांजराच्या मोठ्या भावाने मला इथून हुसकावून लावायचं, हे माझ्या डोक्यात बसेना. मी तापट माणूस आहे. बिबट्यावर ओरडता येत नाही, म्हणून मी घरातल्यांवर ओरडत होतो.

गेमचं डोक्यात आलं ते असं. मुलगी दिवसभर घरात, आणि हातात मोबाईल. तोंडाने सांगितलेलं ती ऐकत नव्हती, पण बोटाने खेळलेलं तिला पाठ व्हायचं. मग मनात आलं, बिबट्यापासून कसं जपायचं हे आपण तिला खेळातूनच शिकवू. एकट्याने जाऊ नये, मोठमोठ्याने बोलत जावं, वाकून बसू नये, हातात बॅटरी असावी. नियम कळले की भीती जाईल, असा माझा हिशोब. इंटरनेटवर फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर घेतलं, व्हिडिओ बघून बघून शिकलो. क्लास सुटला की बसायचो.

बिबट्याचं तयार चित्र विकत घ्यायची माझी ऐपत होती, पण इच्छा नव्हती. म्हणून फुकटातलं एक मांजर घेतलं आणि ते ताणून मोठं केलं. ठिपके दिले. ते ठिपके त्याच्या अंगावर न बसता अंगाभोवती तरंगायचे. गुरगुर मी स्वतःच्या घशातून काढली. त्या आठवड्यात मला सर्दी होती. गेममध्ये विहिरीवरची मोटार चालू करायला जाणारा शेतकरी पाय न हलवता कॅरमच्या सोंगटीसारखा घसरत जायचा, आणि उसात शिरला की सरळ उसाच्या शेंड्यावर चढून उभा राहायचा. बिबट्याच्या मानेत कुठलंतरी हाड चुकलं होतं, त्यामुळे तो माणसासमोर आला की थांबून मान डावीकडे उजवीकडे हलवायचा. आणि गाणी मोठ्याने लावल्यावर त्याने पळून जायला हवं होतं, तर तो शेजारी येऊन बसायचा. हे सगळं मला दिसत होतं. पण मी म्हटलं, नियम महत्त्वाचे, चित्राचं काय एवढं.

मुलीला दाखवायच्या आधी क्लासमधल्या पोरापोरींना दाखवला. त्यांनी सांगावं, कुठे अडतंय का. पहिल्यांदा बिबट्या पाठमोरा सरकत आला तेव्हा खोलीत शांतता झाली. मग मागच्या बाकावरून एक फुसकन आवाज आला, आणि मग सगळा वर्ग फुटला. एक जण खुर्चीवरून खाली बसला आणि तिथेच राहिला. मी म्हणालो, "यात हसण्यासारखं काय आहे?" त्यावर ते आणखी हसले. संध्याकाळपर्यंत गेम त्यांच्या मोबाईलमध्ये होता, दुसऱ्या दिवशी ओतूरच्या कॉलेजात, आणि पुढे कुठे कुठे गेला ते मला माहीत नाही.

मला काहीच उमजेना. गावातली, फ्लॅटमध्ये राहणारी पोरं येऊन चुका सांगायची: सर, ठिपके सुटलेत, सर, सावली नाही. मळ्यातली पोरं मात्र चुका सांगायचीच नाहीत, नुसती हसायची. एक मुलगी फी भरायला आली तेव्हा म्हणाली, "सर, काल आमी घरात सगळ्यांनी बघितला. आई तर डोळे पुसत व्हती हसून हसून. आमच्या दोन शेळ्या गेल्यात ना." शेळ्या गेल्याचा आणि हसण्याचा काय संबंध, हे मी तिला विचारणार होतो, पण ती पावती घेऊन निघून गेली.

मुलीने मात्र गेम बघितला नाही. मी मोबाईल तिच्यापुढे धरला, तिने गुरगुर ऐकली आणि उशीत तोंड घातलं. ज्या एका माणसासाठी केलं त्याने बघितलं नाही, आणि ज्यांच्यासाठी केलं नव्हतं ते पोट धरून हसत होते.

मग जुन्नरला गेलो होतो, मोबाईलची काच बदलायला. पेठेत एका चाचांचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मला ते फक्त गिऱ्हाईक म्हणून ओळखतात. बघतो तर चाचा, एक टोमॅटोवाला शेतकरी आणि आणखी एक जण एकाच मोबाईलवर डोकी घालून बसलेले. माझ्याच सर्दीची गुरगुर ऐकू आली.

शेतकरी म्हणत होता, "ज्यानं कुणी बनवलाय ना, त्यानं बिबट्या कधी बघितल्यालाच न्हाई. पुण्याचा असंल."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात चाचा म्हणाले, "नाय भाऊ, माणूस लई हुशार आहे. मुद्दाम केलंय. ही मान बघा. ह्याला मानेचा पट्टा लावा म्हणावं, आमच्या घरात एक पडून आहे." तिघंही हसले. मग त्यांचा वाद लागला. शेतकऱ्याचं म्हणणं, बनवणारा अडाणी. चाचांचं म्हणणं, इतकं वाईट कोणी चुकून बनवू शकत नाही, त्याला अक्कल लागते. तिसरा म्हणाला, "काय का असंना, माझी आई आता मोटार चालू करायला जाताना ह्याचीच नक्कल करती." मला एकाच वेळी शिव्या आणि शाबासकी मिळत होती, आणि दोन्ही माझ्या नव्हत्या असं वाटत होतं.

चाचांनी मोबाईल माझ्याकडे वळवला. "पावणं, तुमी पण बघा." शेतकरी उसाच्या शेंड्यावर उभा होता आणि खाली बिबट्या पाठ करून त्याच्याकडे जात होता. आणि मला हसू आलं. माझंच काम, मी कितीतरी वेळा बघितलेलं, आणि तिथे त्या तिघांच्या मध्ये उभा राहून मी खदखदून हसलो. गाडी चालू करून ओतूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा ते कुत्रं आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आपलं कुत्रं गेलं, पोरगी घरात कोंडून बसलीय, आन् गावभर हसतायत. कशाला हसतायत, तुमाला तरी कळतंय का?"

"नाही कळत," मी म्हणालो. खरंच नव्हतं कळत.

"मग कळंपर्यंत ते नीट तरी करा. असला वाघ बघून पोरं उसात शिरायची उद्या."

हे मात्र लागलं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. तिचं बोलणं खरं होतं: हसून हसून कोणाची भीती गेली आणि तो उसात गेला तर? मी बिबट्या दुरुस्त करायला घेतला. चाल सरळ करायची, ठिपके बसवायचे, मान घट्ट करायची. मला तो असा करायचा होता की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पण एक हाड सरळ करावं तर दुसरं मोडायचं, असं चाललं होतं, आणि दिवाळी जवळ येत होती. बायकोने माळ्यावरून बॅगा खाली काढल्या होत्या.

वाघबारशीला, म्हणजे वसुबारशीच्याच दिवशी, आम्ही डिंभे धरणाजवळ माझ्या मामाच्या घरी गेलो. दरवर्षी जातो, आणि तिथे तरी मुलगी चार माणसांत बसेल असं वाटलं. शेजाऱ्याची चारचाकी मागून घेतली. मुलगी काचा वर करून मागच्या सीटवर आडवी झाली आणि धरण येईपर्यंत उठली नाही.

तिकडे वाघबारशीला वाघोबाच्या दगडापाशी गावातली पोरं जनावरं होतात. कोणी वाघ, कोणी कोल्हा, कोणी अस्वल; अंगाला राख फासतात, पट्टे ओढतात. बाकीचे काठ्या घेऊन विचारतात, "आमच्या शिवारात येशील का?" आणि वाघ झालेला पोरगा "नाय, नाय" म्हणत पळतो, आणि सगळे त्याला गावच्या शिवेपर्यंत पळवून लावतात. वर्षाचं बंदोबस्ताचं काम तेवढ्यात होतं. आमची मुलगी ते बघायला आली नाही. मामीजवळ चुलीपाशी बसून राहिली.

संध्याकाळी सगळे पडवीत टीव्हीपुढे बसले होते. मामाच्या कानावर माझा पराक्रम गेलेला. "भाच्या, तुझा तो वाघ दाखव की." मी म्हणालो, अजून दुरुस्ती चालू आहे. पण लॅपटॉप सोबत होता आणि मामा ऐकणाऱ्यातला नाही. मी वायर टीव्हीला लावली. नवीन केलेला उघडेचना. शेवटी जुनाच लावला, तो लगेच चालू झाला.

मोठ्या पडद्यावर बिबट्या आणखी वाईट दिसत होता. पाठीने सरकत आला, वळला, थांबला आणि मान हलवायला लागला. हशा पिकला. मामी करंज्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने काही विचार न करता, दुपारचंच तोंडात बसलेलं असावं, त्याला विचारलं, "आमच्या शिवारात येशील का रं?"

बिबट्याने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे.

"नाय म्हणतोय," मामी म्हणाली आणि ताट खाली ठेवून तिने हातच जोडले. सगळं घर "नाय, नाय" म्हणून ओरडायला लागलं.

"मामी, ते मानेचं हाड चुकलंय," मी समजावायला लागलो. "त्याचा आकडा..."

"तू गप बस," मामा म्हणाला. "त्याला बोलू दे. काय रं, कोंबड्या नेशील का?"

नाही.

"धरणावर पाणी प्यायला येशील का?"

नाही. मामा म्हणाला, पाणी पी बाबा, पाण्याला आमची ना नाय. पुन्हा हशा. आयुष्यभर त्या रानात जनावरांच्या सोबतीने राहिलेली ही माणसं माझ्या चुकीशी बोलत होती, आणि मला कळत नव्हतं की मी टीव्ही बंद करावा की आपणही काहीतरी विचारावं.

तेवढ्यात बायकोच्या पाठीमागून आवाज आला. "आमचं कुत्रं तू नेलं का?"

बिबट्याने मान हलवली. नाही.

हसणं तुटलं. मामीने तोंडाला पदर लावला. बायको माझ्याकडे बघत होती. मी लॅपटॉप मिटायला पुढे सरकलो, पण त्याआधीच मुलगी उठली, माणसांच्या मधून वाट काढत टीव्हीच्या अगदी पुढे जाऊन उभी राहिली. इतके दिवस जिला खिडकीतून उसाकडे बघवत नव्हतं, ती त्याच्या नाकासमोर उभी होती.

"नेलं की नाय?"

नाही.

"मी बघितलंय," ती म्हणाली.

नाही, नाही.

ती वळली आणि आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "खोटं बोलतोय हा." मग ती हसली. ते हसू गमतीचं होतं की रागाचं, मला आजही सांगता येणार नाही. तिने ताटातली करंजी उचलली आणि तिथेच, टीव्हीपुढे बसून खाल्ली. मामा म्हणाला, "वाघ असला तरी खोटं बोलतोच."

परत येताना ती सीटवर सरळ बसली. काच वरच होती.

दिवाळी झाली. सुट्टी संपून शाळा सुरू व्हायची होती त्या सकाळी मी मुद्दाम उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहिलो. बॅगा कोपऱ्यात भरून ठेवलेल्या होत्या आणि मला तिकडे बघायचं नव्हतं. पडवीतून खुडबुड ऐकू आली. बाहेर आलो तर मुलगी गणवेश घालून बुटाच्या नाडीशी झटापट करत होती. मळ्यातली पोरं रस्त्यावर उभी राहून तिला हाका मारत होती. बायको भिंतीला टेकून उभी होती, तिने मला डोळ्याने खुणावलं, बोलू नका. पण मला राहवलं नाही.

"भीती नाही वाटत?"

"वाटती," ती नाडीकडे बघत म्हणाली.

"मग?"

"तो खोटं बोलला ना."

"बोलला. मग काय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिसरीत आहे. "पप्पा, खोटं कोण बोलतं? ज्याला भीती वाटती तो. त्या दिवशी कप फुटला, तवा मी नव्हते का म्हणाले, मी न्हाई फोडला. मला तुमची भीती वाटली व्हती म्हणून."

मला तो कप आठवत नव्हता. ओरडलो असेन.

"मग वाघाला कोणाची भीती वाटते?" मी विचारलं.

"माझी," ती म्हणाली, आणि दप्तर पाठीला लावलं.

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सांगावं तिला, बाळा, तो खोटं बोलला नाही, खरंही बोलला नाही, तो बोललाच नाही. माझा एक आकडा चुकला म्हणून त्याची मान हलते. जो उसात आहे त्याला कोणी काही विचारलेलं नाही, आणि त्याची मान चांगली घट्ट आहे. हे सांगणं माझं काम होतं. याच्यासाठीच तर मी तो सगळा उद्योग मांडला होता. पण सांगितलं असतं तर ती पुन्हा खिडकीत बसली असती. न सांगावं तर एका फुकटच्या मांजराच्या भरवशावर मी पोरीला त्या रस्त्याने पाठवत होतो. कुठलं बरोबर, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

बायको म्हणाली, "जाऊ द्या तिला."

ती पायऱ्या उतरली, पोरांना जाऊन मिळाली आणि सगळी मोठमोठ्याने बडबडत रस्त्याला लागली. मी चप्पल न घालताच मागे निघालो, तिला दिसणार नाही इतकं अंतर ठेवून. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, वाऱ्याने सळसळत होता. शाळेच्या फाटकापर्यंत ती एकदाही वळली नाही. मी मात्र सारखा मागे बघत होतो.